बिनइस्त्रीचा कोट

पाचपावलीतल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर 'रुपराव टेलर' ही अक्षरं जेवढी मोठी होती, तेवढीच खालची 'कडक इस्त्रीसह' ही होती. रुपराव म्हणजे माझे मालक. शिलाईत त्यांचा हात चांगला होता, पण जीव होता तो कोळशाच्या इस्त्रीत. कपडा कोणताही असो, कुणाचाही असो, त्यावरून इस्त्री फिरल्याशिवाय तो दुकानाचा उंबरा ओलांडत नसे. आमची थोरली झाली तेव्हा दुपट्यांच्या घड्या त्यांनी अशा पाडल्या होत्या की पोरीला त्यावर ठेवायची मला भीती वाटे. पोर ओलं करील याची नाही, घडी मोडेल याची.

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अंजनाबाईंनी, चहाची बशी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "यंदा मी बद्रीले जातो."

वय एकाहत्तर. पाठीला बाक, चार पावलं चाललं की धाप, गळ्यात तुळशीची माळ.

"दर्शनाले?" यांनी विचारलं.

"नाही, बटाटे आणाले! काय विचारून राहिला रे रुप्या?"

दुपारी मी गहू निवडत होते तेव्हा त्या जवळ सरकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "सुभद्रा, देव तं इथंही आहे वं. मले तो बर्फाचा पहाड पाहाचा आहे. सत्तर उन्हाळे काढले मी या नागपुरात. एक डाव बर्फ हातात घेऊन पाहतो, आभाळातून पडलेला. गोळेवाल्याचा नाही."

मी मान हलवली. "रुप्याले नको सांगू," त्या म्हणाल्या, "तो म्हणंल, बुढीले येड लागलं."

आमच्या भागात यात्रा नेत ते चंपतराव. दर वैशाखात तीस माणसं जमवून बद्रीनाथला घेऊन जात. माणूस सज्जन, पण मागच्या वर्षी चांगलेच पोळले होते, तेही बर्फात. खाप्याचे एक म्हातारबुवा एका सदऱ्यावर वर गेले आणि कुडकुडून आडवे झाले. मग सगळ्यांनी आपापल्या घोंगड्या त्यांच्या अंगावर घातल्या. बुवा सकाळपर्यंत मजेत घोरले आणि बाकीचे एकोणतीस जण दात वाजवत बसले. तेव्हापासून चंपतरावांनी नियम केला होता: सत्तरीच्या पुढच्या माणसानं आपली थंडी आपण सांभाळून दाखवायची, तरच यादीत नाव. दाखवायची कुठे? तर त्यांचे साडू वामनराव कामठी रोडवरच्या बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर होते. तिथं अर्धा तास बसायचं. कुडकुडलं की नाव कटलं, आणि जागा वाट पाहत बसलेल्या खाप्याच्या माणसांना.

"त्यात काय आहे?" हे म्हणाले. "माह्या मायले मी असा कोट शिवून देतो की थंडी पाहूनच पळंल."

आठ दिवसांत कोट तयार झाला. बाहेरून जाड काळं लोकरी कापड, आतून घोंगडी, मध्ये कापसाचा थर, त्यावर कडक इस्त्री. सासूबाईंनी तो घातला आणि त्या खाली बसल्या. बसायचं नव्हतं, बसावं लागलं. कोट उभाच राहिला. खांद्याच्या मधल्या भोकातून त्यांचं कपाळ दिसत होतं.

"माय, कसं वाटते?"

"रुप्या," आतून आवाज आला, "मले बाहेर काढ. धाप लागून राहिली."

"वजन तं राहीनच न. वजन नाही तं ऊब कुठून येईन?"

आता तोडगा माझ्या डोक्यातून निघाला असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. तो सासूबाईंनाच दिसला. आमच्या शेजारच्या यमुताईंकडे कोंबड्या होत्या आणि चार बदकं. पौषातल्या एका सकाळी, ओट्यावर ठेवलेलं पाणी बर्फासारखं गार झालं होतं तेव्हा, सासूबाई शेगडीला चिकटून बसल्या होत्या आणि समोर बांबूच्या तट्ट्याच्या कुंपणावर यमुताईंची तांबडी कोंबडी बसली होती. फुगून दुप्पट झालेली. मान गायब, एक पाय पोटात घेतलेला, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर निवृत्त तहसीलदाराचं समाधान.

"काहून वं सुभद्रा," सासूबाई म्हणाल्या, "हिच्या अंगावर तं चिंधीही नाही. हे काहून नाही कुडकुडत?"

मी जाऊन कोंबडीच्या पाठीत बोट घातलं. बोट दोन पेरं आत गेलं तरी कोंबडी लागेना. सगळी पोकळी. पण त्या पोकळीत अशी ऊब होती की बोट काढावंसं वाटेना. कोंबडीनं एक डोळा उघडून मला पाहिलं आणि मी बोट काढलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांवर झालं. तुरीची डाळ डब्यात ओतली की पुडी सरळ करून मी वाचून काढते, मग ती कुठल्या का मासिकाची असेना. पुढल्याच महिन्यात जिऱ्याच्या पुडीवर पक्ष्यांविषयी अर्धं पान निघालं. त्यात लिहिलं होतं की पिसं स्वतः गरम नसतात. त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते, ती हलत नाही, म्हणून अंगाची ऊब बाहेर जात नाही. आणि थंडीत पक्षी पिसं फुलवतात ते जास्त हवा धरायला. पुढे 'याच तत्त्वावर माणसाने' इथं पान फाटलं होतं. माणसानं काय केलं ते मला कळलं नाही. म्हणून आम्हालाच करावं लागलं.

सासूबाईंना मी वाचून दाखवलं.

"म्हणजे माहीच ऊब मलेच परत?"

"हाव."

"मंग त्यात कोंबडीचं काय?"

"कोंबडी फक्त दार लावून घेते आत्याबाई."

"हे बरं आहे," त्या म्हणाल्या. "याले वजन नाही लागत."

मग हात आपोआप माळेकडे गेला. माळकरी बाई कोंबडीची पिसं अंगावर घालून बद्रीनारायणासमोर उभी राहणार, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. दोन दिवस त्यांनी देवघर सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी देवघरातून बाहेर आल्या त्या निकाल घेऊनच. "मोराचं पीस देवाच्या डोक्यावर चालते. कोंबडीनं काय पाप केलं? पण गळलेलं पाहिजे. ओढलेलं नको. कापलेल्या कोंबडीचं तं नावच नको."

झालं. त्या दिवसापासून सासूबाई काठी आणि पिशवी घेऊन सकाळी यमुताईंच्या खुराड्याशी हजर. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली की तिच्या खालची मऊ पिसं वेचायची. बदकांच्या जागेवर तर कापसासारखा बारीक पिसारा मिळे. एखादं बदक चोच घालून अंग खाजवू लागलं की या समोर उभ्या: "टाक बाई टाक. घाई नाही. मी थांबतो."

"अंजनाबाई," यमुताई म्हणायच्या, "माह्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद झाल्या. त्याइले वाटते कोणी पाळत ठेवून राहिलं."

पिसं रिठ्याच्या पाण्यात धुतली आणि मच्छरदाणीत बांधून वाळत टाकली. फाल्गुनात एका दुपारी वारा सुटला, मच्छरदाणीची गाठ सुटली, आणि यमुताईंनी खाटेवर घातलेल्या ओल्या कुरडयांना पंख फुटले. त्या वर्षी आम्ही त्यांच्या कुरडया परत करून दिल्या आणि पिसं एकेक करून परत घेतली. दोन्हींत थोडा घोळ राहिलाच. होळीला तळलेल्या कुरडयांमध्ये एक तांबडं पीस यमुताईंच्या जावयाला मिळालं, आणि जावयानं ते शुभशकुन म्हणून खिशात ठेवलं. जावई मौद्याचा, स्वभावानं गरीब.

यांचा मात्र विश्वास बसेना. "ही काय वस्तू आहे? फूक मारली तं उडते. याच्यानं माही माय वाचंल?"

मी दोन लोट्यांत उकळतं पाणी भरलं. एक त्यांच्या काळ्या कोटात गुंडाळला, एक पिसांच्या पिशवीत. तासाभरानं दोन्ही उघडले. हे दोन्हींत बोट घालून पाहात राहिले. पिसांच्या लोट्यातलं बोट चटकन बाहेर आलं. त्यांनी ते तोंडात घातलं, आणि पट्टी घेऊन आईचं माप घ्यायला बसले.

आणि मग त्यांनी शिवलं, ते मात्र मी आयुष्यात विसरणार नाही. आधी साध्या कापडात पिसं भरली तर ती शिवणीतून बाहेर यायला लागली, घरभर शिंका. मग हे जरीपटक्याच्या बाजारातून छत्रीचं कापड घेऊन आले. जे पाण्याला बाहेर ठेवतं ते पिसाला आत ठेवील, हा त्यांचाच विचार. पिसं पोटाशी गोळा होऊ नयेत म्हणून त्यांनी आडवे कप्पे पाडले. आणि कप्प्यांची शिवण उघडी राहिली तर तिथून थंडी शिरेल म्हणून वरचा कप्पा खालच्यावर थोडा चढवला. घरावर कवेलू घालतात तसा. यमुताईंची कोंबडी बगलेत धरून त्यांनी तिचा पंख उलगडून पाहिला होता, तिथंही असंच होतं. "कोण शिवलं असंन गा हिले?" ते स्वतःशीच म्हणाले. शिंप्याच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकली नाही.

काळा रंग देवाला चालणार नाही म्हणून वरून सासूबाईंच्या जुन्या जांभळ्या लुगड्याचं कापड आलं. सगळ्या गल्लीच्या ओळखीचं लुगडं. कोट तयार झाला तेव्हा तो हातात घेतला की हातात काही नाही असं वाटे. सासूबाईंनी तो घातला, वैशाखातल्या त्या उकाड्यात अर्ध्या मिनिटात घामाघूम झाल्या, आणि इतक्या खूश झाल्या की घाम पुसू देईनात.

परीक्षा बुधवारी सकाळी अकराला होती. त्याच दिवशी चंपतराव यादी बंद करणार होते.

मंगळवारी संध्याकाळी मी यमुताईंकडे त्यांच्या नातीच्या बारशाला गेले होते. परत आले तर दुकानातून केस जळल्यासारखा वास. आत हे उभे. चेहऱ्यावर समाधान. टेबलावर जांभळा कोट. नव्हे, कोट नव्हेच. पापड. त्यांनी वर ओलं फडकं टाकून, कोळसे नवे भरून, पुढून-मागून अर्धा तास दाबून इस्त्री केली होती. बाहीवर अशी धार की कांदा चिरावा.

"उद्या चार लोकांत जाणार आहे माय," ते म्हणाले. "चुरगळलेला कसा पाठवू?"

मी टेबलाशी गेले. कोट उचलला. कप्प्यात बोट रुतवून पाहिलं. बोट आत जायला जागाच नव्हती. मला त्या क्षणी जिऱ्याची पुडी त्यांच्या तोंडावर फेकावीशी वाटली.

"हवा कुठं आहे?" मी विचारलं.

"कोणती हवा?"

"जी चार महिने भरली ती."

त्यांनी कोटाकडे पाहिलं, मग इस्त्रीकडे, मग लोट्यात बुडवलेल्या त्या बोटाकडे. आणि मटकन स्टुलावर बसले. मागं दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या पुढे आल्या. फक्त कोटाच्या बाहीवरून हात फिरवून म्हणाल्या, "इस्त्री मातर सुरेख बसली." आणि आत जाऊन पडल्या, भिंतीकडे तोंड करून. मला तेवढंच सहन झालं नाही.

सकाळी सहाला मी उठले. पाण्यात भिजलेली कोंबडी कशी चिपाड दिसते, आणि उन्हात जाऊन अंग झटकलं की पुन्हा गुबगुबीत होते, हे मी चार महिने बघत होतेच. मग कोटाला काय झालं? अंगणातल्या तारेवर मी तो दोन्ही बाह्या पसरून टांगला. आठ वाजता ऊन पोळायला लागलं. मी यांचा लाकडी गज उचलला आणि कोट बडवायला घेतला. हे मान खाली घालून उलट्या बाजूनं कप्पे चोळत होते. सासूबाई बाजेवर बसून, हातात चहा घेऊन, सूचना देत होत्या.

"पाठीत हाण! जोरानं! तिथं लय दबलं आहे."

मी पाठीत हाणलं.

"बगलेत हाण वं! बगल सोडू नको! अगाई... हां, आता कशी फुगून राहिली!"

तेवढ्यात तट्ट्यापलीकडून कोणीतरी ओरडलं, "अरे! अरे! म्हातारीले काहून मारता गा?" आणि फाटक ढकलून चंपतराव आत घुसले. यादीची वही छातीशी धरलेली. त्यांना बाहेरून वरच्या फटीतून दिसलं होतं ते एवढंच: ओळखीचं जांभळं लुगडं, पसरलेले दोन हात, आणि त्यावर पडणारा गज. "रुपराव, तुम्ही उभे राहून पाहून राहिले? तुमची सख्खी माय न ते!"

"चंपतराव," बाजेवरून सासूबाई म्हणाल्या, "मी इथं आहे. चहा घ्या. ते माही पिसं आहेत."

चंपतरावांनी तारेवरच्या अंजनाबाईंकडे पाहिलं, मग बाजेवरच्या अंजनाबाईंकडे, आणि मुकाट्यानं चहा घेतला.

दहापर्यंत कोट बराचसा उठला. पुढचा भाग कोंबडीसारखा फुगला, पाठ चांगली झाली. फक्त उजवी बाही, जिच्यावर यांनी सर्वांत जास्त प्रेम केलं होतं, ती काही केल्या वर येईना. "जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, "एक हात काय कुडकुडंल?"

कोट मच्छरदाणीत सैल बांधून, दबू नये म्हणून दोघींच्या मध्ये उंच धरून, आम्ही सायकल रिक्षातून कामठी रोडनं निघालो. रस्त्यावर लू वाहात होती. मी सोबत यांचा काळा कोट घेतला होता, आपल्यासाठी. रिक्षावाल्यानं दोनदा वळून विचारलं, "बाई, नक्की कुठं जाऊन राहिल्या?"

वामनरावांनी जाड दार उघडलं आणि आतून धुकं बाहेर आलं. आत छतापर्यंत बटाट्यांची पोती. पिवळा दिवा. भिंतीच्या कडेनं नळ्या, त्यांवर पांढरी साय धरलेली. सासूबाईंनी कोट चढवला आणि एका पोत्यावर बसल्या. मी काळ्या कोटात शेजारी. आणि साक्षीदार म्हणून, हातात घड्याळ घेऊन, मलमलच्या सदऱ्यात चंपतराव. नियम करताना साक्षीदारालाही आत बसावं लागेल हे त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं.

पाच मिनिटं गेली. चंपतराव हात चोळू लागले. दहा मिनिटांनी ते उभे राहून पोत्यांभोवती फिरायला लागले. सासूबाई स्वस्थ. उजवी बाही मात्र गार पडत असावी. त्यांनी तो हात हळूच कोटाच्या आत, पोटाशी घेतला. मला एकदम तट्ट्यावरची तांबडी आठवली, एक पाय पोटात घेतलेली.

बाराव्या मिनिटाला चंपतराव म्हणाले, "म-मावशी, झ-झालं. प-पास."

"असं कसं गा? अर्धा घंटा म्हटलं होतं न तुम्ही?"

"म-मी म्हणून राहिलो न, पास!"

"नाही बापा. उद्या कोणी म्हणंल, बुढीनं अठरा मिनिटं चोरले. बसा खाली."

ते बसले. मी काळा कोट उतरवून त्यांच्या अंगावर घातला. त्यांचंही फक्त कपाळ दिसायला लागलं. मी सासूबाईंच्या पिसांच्या कुशीत सरकले. तिथं दोघींना पुरेल एवढी ऊब होती.

पंचविसाव्या मिनिटाला सासूबाई उठल्या. मला वाटलं, संपलं आता, हरल्या. पण त्या भिंतीकडे गेल्या. नळीवरच्या पांढऱ्या सायीवर त्यांनी नखानं एक रेघ ओढली आणि थोडा भुगा तळहातावर घेतला. वितळेपर्यंत त्याच्याकडे पाहात राहिल्या.

"चंपतराव," त्यांनी विचारलं, "पहाडावर असाच राहते?"

काळ्या कोटातून आवाज आला, "असाच. पण लय."

"लय म्हणजे किती?"

चंपतरावांनी कोटातून डोकं बाहेर काढलं. एवढ्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नसावा. त्यांचे लोक देवळाचं विचारत, जेवणाचं विचारत. "मावशी," ते म्हणाले, आणि दात वाजायचे थांबवून त्यांनी हात पसरले, कोटाच्या वजनानं ते खाली आले, पुन्हा पसरले. "जिकडं पाहसान तिकडं."

सासूबाईंनी ओला तळहात लुगड्याला पुसला नाही. तसाच मिटून घेतला.

यादीत नाव पहिलं लागलं. बाहेर आल्यावर चंपतराव आमच्या घरापर्यंत रिक्षामागून सायकलीवर आले आणि यांना बाजूला घेऊन विचारलं, "रुपराव, असा एक माह्यासाठी जमंल का? इस्त्रीशिवाय." यमुताईंच्या कोंबड्यांना हे कळलं असतं तर त्या गाव सोडून गेल्या असत्या.

गाडी दिल्लीची, सकाळची. स्टेशनवर तीस माणसं, तीस वळकट्या, आणि सासूबाईंच्या मांडीवर मच्छरदाणीत बांधलेला जांभळा फुगा. हे खिडकीपाशी उभे. कोटाची कॉलर जाळीतून वर आली होती, एका बाजूनं दुमडलेली, अगदी चुरगळलेली. यांचा हात आपोआप खिडकीतून आत गेला. अंगठा कॉलरवर आला. मी श्वास धरला. सासूबाईंनीही.

मग त्यांनी अंगठा उचलला, दोन बोटांनी कॉलर हलकेच चिमटीत धरली, आणि हवा आत जाईल अशी वर ओढून फुगवली.

"माय," ते म्हणाले, "उजव्या बाहीचं मनावर घेऊ नको."

"ते मी पोटात घेईन," सासूबाई म्हणाल्या.

गाडी हलली. रुपराव टेलरांच्या दुकानातून इस्त्रीविना बाहेर पडलेला तो पहिला कपडा होता, आणि मालक तो दिसेनासा होईपर्यंत हात वर करून उभे होते.